तापांक

प्रा. निर्मला ढवस यांच्या एका लेखामुळे कायदा झाला, असं वरोऱ्यात लोक मोठ्या कौतुकानं सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं. निर्मलाबाई तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या आणि जिल्ह्याच्या दैनिकात दर रविवारी एक सदर लिहायच्या. रेशन दुकानातलं चेहरा ओळखणारं यंत्र म्हाताऱ्यांनाच का ओळखत नाही, बसस्थानकावर वायफाय आहे पण सावली का नाही, असे त्यांचे विषय. वाचणारे वाचत, बाकीचे त्यात पोहे गुंडाळत.

२०३९च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सलग अकरा दिवस अठ्ठेचाळीसच्या वर राहिला. बांधकामांवर माणसं काम करता करता कोसळली. त्या रविवारी निर्मलाबाईंनी लिहिलं की, ऊन सोसणारा एक आणि कामाची वेळ ठरवणारा दुसरा, इथेच सगळा घोळ आहे. ठरवणाऱ्याला सोसण्याची झळ लागली पाहिजे. मजुराचं शरीर कुठल्या क्षणी धोक्यात येतं ते समजायला हवं, त्या क्षणी काम थांबायला हवं आणि थांबलेल्या कामाची पूर्ण हजेरी मालकानं द्यायला हवी.

कसं समजणार, याचं उत्तर तोपर्यंत तयार झालेलं होतं. माणसाचं शरीर आतून सदतीस अंशांवर चालतं. उन्हात राबताना हृदयाला दोन कामं एकदम करावी लागतात: स्नायूंना रक्त पुरवायचं आणि आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडेही रक्त पाठवायचं. आतला ताप वाढतो तशी नाडी धावू लागते, घामातल्या क्षारांचं प्रमाण बदलतं. या दोन गोष्टींवरून आतलं तापमान जवळजवळ अचूक सांगणारी मनगटी पट्टी नागपूरच्या काही संशोधकांनी बनवली होती. शरीर साडेअडतीस अंशांवर गेलं की पट्टी हिरव्याची लाल होई. शिवाय महिन्याभराच्या नोंदींवरून ती आणखी एक आकडा काढी. हा माणूस भर उन्हात किती मिनिटं जड काम करू शकतो, तो हा आकडा. त्याला नाव पडलं तापांक.

लेख मुंबईत कुणीतरी वाचला, निर्मलाबाईंना समितीवर घेतलं आणि २०४१ साली कायदा आला. प्रत्येक मजुराला पट्टी, पट्टी लाल झाली की काम बंद, हजेरी पूर्ण. पहिल्या उन्हाळ्यात जिल्ह्यात एकही मजूर उष्माघातानं गेला नाही.

त्या वर्षी सुगंधा मडावी मुद्दाम पट्टी दाखवायला त्यांच्या घरी आली होती. एकोणीस वर्षांपूर्वी ती त्यांची विद्यार्थिनी होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात लग्न झालं आणि कॉलेज सुटलं, पण दर दिवाळीला ती मॅडमकडे येऊन जायची. आता ती बांधकामावर जात होती.

"मॅडम, पाहा. माहा आकडा एकशे बारा हाय," ती हसत म्हणाली. "मिस्त्री म्हणते, तू बाई हायस का उंट?"

निर्मलाबाईही हसल्या. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

*

पुढच्या एप्रिलमध्ये सुगंधाचा नवरा दौलत त्यांच्या दारात उभा राहिला. उंच, रुंद हाडाचा माणूस. आयुष्यभर विटा वाहिलेला. तो आत येईना, पायरीवरच बसला.

"मॅडम, मले कोनी कामावर घेत नाई. दोन महिने झाले."

"का?"

त्यानं मनगट पुढे केलं. "माहा आकडा. अडतीस."

निर्मलाबाईंना आधी नीटसं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या स्वतःच मजुरांच्या ठिय्यावर गेल्या. चौकात दीडशेक बायामाणसं उभी होती. एक मुकादम हातात मोबाइल घेऊन रांगेतून फिरत होता. कुणाला नाव विचारणं नाही, काम येतं का विचारणं नाही. पट्टीजवळ मोबाइल नेला की टिंग वाजे. "चल. चल. तू नाई. चल. तू नाई." ज्यांना 'नाई' मिळालं ते खाली मान घालून बाजूला होत. त्यांत बहुतेक चाळिशीच्या पुढचे, काही जाडजूड, एक ओली बाळंतीण, आणि दौलत.

मुकादम निर्मलाबाईंना ओळखून ओशाळला. तो त्यांच्या सख्ख्या भावाचा माणूस होता.

गजेंद्र ढवस बहिणीपेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याची फी निर्मलाबाईंनी भरलेली, त्याच्यासाठी मुलगी त्यांनी पाहिलेली. आता तो बांधकामांना मजूर पुरवणारा ठेकेदार होता आणि नागपूर रस्त्यावर एका प्रचंड गोदामाचं काम त्याच्याकडे होतं. निर्मलाबाई थेट साइटवर गेल्या.

"ताई, चहा घेतेस?"

"तू माणसं आकड्यावरून निवडतोस?"

"सगळेच निवडतात." त्यानं खुर्ची पुढे सरकवली. "वीस माणसं आणली आणि दहा वाजता त्यातली बारा लाल होऊन सावलीत बसली, तर त्यांची हजेरी कुणी द्यायची? मी. स्लॅब अर्धा राहिला तर बोलणी कुणी खायची? मी. मग ज्याची पट्टी एक वाजेपर्यंत हिरवी राहते त्यालाच मी घेणार ना?"

"कायदा त्यांना जपायला केलाय, गजू."

"जपतोच आहे की. माझ्या साइटवर कुणी मेलं का? नव्वदच्या खाली मी कुणाला उभाच करत नाही." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तूच शिकवायचीस ना, झळ बसली की माणूस बरोबर वागायला लागतो. मला झळ बसली, मी वागायला लागलो."

निर्मलाबाई उठल्या. भाऊ उर्मटपणे बोलत नव्हता, हेच त्यांना जास्त बोचलं. घरी येऊन त्यांनी सरकारला पत्र लिहिलं. तापांक मालकाला दिसू नये, त्यावरून काम नाकारणं गुन्हा ठरावा, असं त्यात होतं. पोच आली. नंतर कळलं की कायद्याच्या फेरविचारासाठी समिती बसणार आहे आणि त्यांचं नाव त्यातही आहे. बैठक जूनमध्ये होती.

*

मे महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी सुगंधा आली. तोंड उतरलेलं, डोळ्यांखाली काळं.

"बरी आहेस ना?"

"हिवाळ्यात कावीळ झाली होती. आता बरी हाय." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, तुमी बीपीची गोळी घेता ना? माह्या सासूले डाक्टरनं तीच लिहून देली हाय. दवाखान्यात संपली म्हनतेत. दोन-चार दिवसांपुरती…"

निर्मलाबाईंना रक्तदाबासाठी नाडी मंद ठेवणारी गोळी चालू होती. कपाटात जादा पाकिटं होती. त्यांनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या आणि म्हातारीचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकीवर पेनानं लिहून दिलं: 'रोज एक, सकाळी.'

"दौलतला काम मिळालं का?"

"नाई. घरीच असते. मीच जाते." मग तिनं डोळे वर केले. "तनुजाचं बारावीचं वर्ष हाय, मॅडम. तिचं डोस्कं माह्यावर गेलं नाई, तुमच्यावर गेलं. तिले शिकवाचं हाय."

जाताना तिनं वाकून नमस्कार केला. एरवी ती तसा करत नसे.

*

चौदा मेला सुगंधा गोदामाच्या स्लॅबवर सकाळी साडेअकरा वाजता पडली. तिला सरकारी रुग्णालयात नेलं तोवर सगळं संपलं होतं. निर्मलाबाईंना गजेंद्रनंच फोन केला. "ताई, पट्टी हिरवी होती," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "देवाशपथ सांगतो, पट्टी हिरवी होती."

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं निर्मलाबाईंना बाजूला घेतलं. त्या कायद्याच्या समितीवर आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

"पट्टीची शेवटची नोंद आहे अडतीस पूर्णांक एक. मी मोजलं तेव्हा अंग बेचाळीसच्या पुढे होतं. यंत्र बिघडलेलं नाही, मी तपासलं. तिला हृदयाचा, रक्तदाबाचा काही त्रास होता का? काही गोळी चालू होती?"

"का?"

"ही पट्टी आतला ताप थेट मोजत नाही, मॅडम. मुख्यतः नाडीवरून ओळखते. नाडी दाबून ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्या घेतल्या की अंग पेटलं तरी नाडी धावत नाही आणि पट्टीला वाटतं सगळं ठीक आहे." त्यानं घसा साफ केला. "त्याहून वाईट म्हणजे हृदयालाही मग कातडीपर्यंत पुरेसं रक्त ढकलता येत नाही. आतली आग बाहेर पडायची वाटच बंद होते. पट्टी फसते आणि माणूसही लवकर तापतो."

निर्मलाबाई उत्तर न देता बाहेर वळल्या.

व्हरांड्यात दौलत जमिनीवर बसला होता. शेजारी तनुजा, आईची डब्याची पिशवी पोटाशी धरून. निर्मलाबाई तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, पिशवीत काय आहे?"

तनुजानं एकेक वस्तू काढली. डबा, रुमाल, पाण्याची बाटली. मग गोळ्यांची पट्टी. 'रोज एक, सकाळी.' सहा गोळ्या शिल्लक होत्या. खाली कागदाची एक पुडी होती, तिच्यात त्याच रंगाच्या सुट्या गोळ्या.

"दौलत, तुझ्या आईचं औषध हिच्या पिशवीत कसं?"

त्यानं रिकाम्या डोळ्यांनी पाहिलं. "माय? माय तं चार वर्सं झाले, गेली." मग तो म्हणाला, "कावीळ झाली तवापासून तिचा आकडा चौऱ्याहत्तर आला होता. गोळीनं वर जाते. मुकादम पुडी देते ना. सगळेच खातेत, मॅडम. पुडी पुरली नाई तं बाया इकडून तिकडून आनतेत."

निर्मलाबाईंना वाटलं, आत्ताच सांगावं की ती गोळ्यांची पट्टी माझी आहे. तनुजा आईचा रुमाल घडी करत होती, घडी नीट होत नव्हती म्हणून पुन्हा उलगडत होती. निर्मलाबाईंनी न सांगताच ती पट्टी आपल्या पर्समध्ये टाकली.

*

दोन दिवसांनी गजेंद्र त्यांच्या घरी आला. दाढी वाढलेली. स्वयंपाकघरात पाटावर बसला, लहानपणी बसायचा तसा.

"मुकादम गोळ्या वाटायचा, हे तुला माहीत होतं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

तो पाटाच्या कडेवरून नख फिरवत राहिला. "माणसं आपणहून मागायची, ताई. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना घरी पाठवावं लागलं असतं."

"म्हणजे माहीत होतं."

"आता ऐक. डॉक्टरनं अजून काही लिहिलेलं नाही. नैसर्गिक मृत्यू अशी नोंद झाली तर कल्याण मंडळाकडून दौलतला भरपाई मिळते, पोरीच्या शिक्षणाची सोय होते. गोळीचं नाव निघालं तर कायद्यात लिहिलंय, उपकरणाशी छेडछाड केल्यास भरपाई नाही. ते कलम तुमच्याच समितीनं घातलं ना? तू बोललीस तर त्या पोरीचं नुकसान. माझं तर होईलच. आणि तुझं? गोळ्यांच्या त्या पट्टीवरचं अक्षर मी रुग्णालयातच ओळखलं, ताई."

निर्मलाबाईंनी त्याला चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दौलतकडे गेल्या. पत्र्याची खोली, दाराला ओली गोणपाटं लावलेली. त्यांनी सगळं सांगितलं. गोळ्या मी दिल्या, ती खोटं बोलली पण मी एक प्रश्नही विचारला नाही. दौलत ऐकत राहिला. तो चिडेल, अंगावर येईल, असं त्यांना वाटलं होतं. एका परीनं तसं व्हावं असंही वाटलं होतं.

"तुमी देल्या नसत्या तं तिनं दुसरीकडून आनल्या असत्या," तो म्हणाला. "पन मॅडम, हे कोनाले सांगू नका. मी हात जोडतो. ते पैसे आले तं तनुजा शिकन. सुगंधाच्या मनात तेवढंच होतं."

"दौलत, त्या साइटवर आज शंभर माणसं त्याच गोळ्या खाऊन उभी आहेत. जून अजून यायचाय."

"ते माहे कोनी नाई," तो म्हणाला. मग एकदम मान फिरवून, "तसं नाई म्हनाचं मले. पन मले एकच पोरगी हाय."

*

बारा जूनला नागपूरला समितीची बैठक भरली. वातानुकूलित खोलीत नऊ माणसं होती. निर्मलाबाईंनी रात्रभर दोन निवेदनं लिहिली होती. एकात गोळीचा उल्लेख नव्हता. सकाळी बसमधून त्यांनी ठेकेदारांच्या तीन साइट पाहिल्या. उन्हात हिरव्या पट्ट्या चमकत होत्या. त्यांतली खरी हिरवी कुठली आणि गोळीची कुठली, हे जगात कुणालाही सांगता आलं नसतं.

त्यांनी दुसरं निवेदन वाचलं. सुगंधाचं नाव सांगितलं, आपल्या अक्षरातली गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली, मुकादमाचं नाव सांगितलं, भावाचंही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "गोळ्या बंद करून हे थांबणार नाही. माणसं गोळी खातात ती आकड्यासाठी. तो आकडाच काढून टाका. पट्टीनं फक्त धोका सांगावा. कोण किती वेळ टिकतो, हे मालकाला कळताच कामा नये."

मग पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंता बाईंनी नम्रपणे सांगितलं की, कातडीखाली बसवायची तांदळाएवढी चिप आता तयार आहे. ती रक्ताचं तापमान थेट मोजते आणि तापांकही महिन्याऐवजी एका दिवसात काढते. गोळीनं, पाण्यानं, कशानंच फसत नाही.

"मग प्रश्न सुटला," समितीचे अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त सचिव होते, सज्जन गृहस्थ.

"सुटला नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "आकडा अचूक झाला तर निवड आणखी पक्की होईल. अडतीसवाल्यानं जगायचं कसं?"

"मॅडम, तुमच्याच मूळ लेखातलं वाक्य आहे. मी इथे काढून ठेवलंय." अध्यक्षांनी चष्मा लावला. "'निर्णय घेणाऱ्याकडे पूर्ण माहिती असेल, तरच तो जबाबदारीनं वागेल.' आता माहिती लपवा असं तुम्हीच म्हणता. कमी तापांकाचा माणूस उन्हात उभा राहिला नाही, म्हणजे तो वाचलाच ना?"

वीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं सगळं निर्मलाबाईंना आठवत होतं, आणि त्यातलं काहीही या खोलीत त्यांच्या बाजूनं उभं राहत नव्हतं. चिपवर मतदान झालं. आठ विरुद्ध एक.

*

चिप आली, गोळ्या बंद झाल्या. मुकादमाला अटक झाली, गजेंद्रचा परवाना गेला. तीन महिन्यांनी त्याच्या बायकोच्या नावानं नवा परवाना निघाला, पण बहिणीकडे येणं त्यानं कायमचं थांबवलं. भाऊबीजेला निर्मलाबाई ताट तयार करून संध्याकाळपर्यंत थांबल्या, मग त्यांनी ते आवरून ठेवलं. वर्तमानपत्रानं त्यांच्या धैर्यावर अग्रलेख लिहिला. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला आणि त्यांना साक्षीदार केलं. भरपाईचा अर्ज छेडछाडीच्या कलमाखाली फेटाळला गेला.

त्यांनी तनुजाच्या फीचे पैसे दौलतकडे पाठवले. ते परत आले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. सोबत चिठ्ठीही नव्हती.

पुढच्या मार्चमध्ये, दुपारचा तास संपवून निर्मलाबाई बाहेर पडल्या तर व्हरांड्यात तनुजा उभी होती. तिला अठरा वर्षं पूर्ण होऊन महिना झाला होता. दंडावर छोटा पांढरा चिकटपट्टीचा चौकोन होता. हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, चिप बसवली. आकड्यावरून मले 'अ' वर्ग भेटला. एकशे एकतीस." तिच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. "तिथले साहेब म्हनाले, जिल्ह्यात एवढा कोनाचाच नाई. सोमवारपासून कामावर."

"आणि परीक्षा?"

"फॉर्म नाई भरला."

"तनुजा, फी मी भरते. बाबांना सांगू नकोस. वसतिगृहाचंही मी पाहते."

तनुजानं मान हलवली. "बाबा घरी बसून असते, मॅडम. दिवसभर कोनाशी बोलत नाई. त्याईच्यानं आता काहीच होत नाई. आनि तुमचे पैसे घेतले तं ते जेवनार नाई." हे सांगताना तिच्या आवाजात कुठेही आरोप नव्हता. तिनं पेढा पुढे केला. निर्मलाबाईंनी घेतला, खाल्ला नाही, तसाच मुठीत धरला.

"मॅडम, एक इचारू? तुमाले माहीत असन. हा आकडा किती वर्सं टिकते?"

निर्मलाबाईंना माहीत होतं. समितीच्या अहवालात तक्ता होता. पस्तिशीनंतर बहुतेकांचा आकडा झपाट्यानं उतरतो, बाळंतपणानंतर त्याआधीच, मोठं आजारपण आलं तर केव्हाही. काहीतरी गोड, सोयीचं सांगता आलं असतं. पण या मुलीनं प्रश्न विचारला होता, आणि निदान तिच्याशी तरी अर्धवट बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं.

"पस्तिशीपर्यंत," त्या म्हणाल्या. "सगळं नीट राहिलं तर."

तनुजानं मनातल्या मनात हिशोब केला. आईचं म्हणणं खरं होतं, मुलीचं डोकं तल्लख होतं; तिला वेळ लागला नाही.

"म्हनजे सतरा वर्सं," ती म्हणाली. "लय झाले."

मग वाकून नमस्कार करून ती जिना उतरली आणि भर दुपारच्या उन्हात, डोक्यावर ओढणीसुद्धा न घेता, चालू लागली.